पिढी सांगून बोला

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. लग्नात आहेर आलेल्या स्टीलच्या डब्यांसारखे ते माळ्यावर साठत जातात आणि एक दिवस धाडकन अंगावर येतात. माझ्या अंगावर आले ते हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या आमच्या मराठी वाचनालयातले. मी विम्याचा एजंट. त्यामुळे मी सांगतो त्यातलं दहा आणे खरं धरावं, असं माझी बायकोच लोकांना सांगते. शेवटचा किस्सा मात्र सोळा आणे खरा. त्यात तिखटमीठ लावायला मला जागाच सापडली नाही.

तर वाचनालयात रोज सकाळी साडेनऊला लांब टेबलाशी आमची बैठक. मी असायचो. आबिड्सला साड्यांचं दुकान असलेले मलकपेठचे पटवारी असायचे. आणि कोणीही न निवडलेले अध्यक्ष, भालेराव काका. रिटायर्ड हेडक्लार्क. काकू गेलेल्या, एकुलता एक शिरीष अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये. काका जवळच एका जुन्या घराच्या माडीवर बत्तीस वर्षं भाड्याने राहत होते.

विषय एकच, बाहेरचे लोक! नव्वदनंतर आमचं हैदराबाद जे सुटलं ते थांबेचना. माधापूरच्या खडकांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पुण्या-मुंबईची पोरं टोळधाडीसारखी उतरली. सरकारनं त्यांना आवरावं की आणखी बोलवावं, यावर रोज रणकंदन.

वादाचा नियम काकांनी घातलेला. "आधी पिढी सांगायची, मग बोलायचं!" म्हणजे हैदराबादेत आपली कितवी पिढी ते. पटवारी छाती काढून म्हणायचे, "तिसरी!" मी म्हणायचो, "अडीच!" कारण आई इथली, वडील परभणीचे. मग काका सावकाश चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "चौथी."

संपलं. चौथीपुढे कोण बोलणार?

त्यांच्याकडे पुरावाही होता. देवांच्या फळीशेजारी फ्रेम करून लावलेलं आजोबांचं मुल्की सर्टिफिकेट. निजामाच्या वेळचं, उर्दूतलं, 'हा माणूस याच मुलखातला' असं सांगणारं. सकाळी देवांना उदबत्ती ओवाळली की एक गिरकी फ्रेमलाही मिळायची.

* * *

आमचं मराठी वर्तमानपत्र रेल्वेनं काचीगुड्याला यायचं, एक दिवस उशिरा. पण काकांचा दंडक असा, की इंग्रजी पेपर वाचून आलेल्यानं तोंड उघडायचं नाही. आमच्याकडे आज म्हणजे काल!

एकदा बातमी आली की शहरात सरकारी फ्लॅट बांधणार, पण त्यात इथल्या लोकांसाठी राखीव जागा नाहीत. काकांचं रक्त उसळलं. बसल्या बैठकीला त्यांनी मराठी, उर्दू आणि इंग्रजीत अर्ज लिहिला. वाचनालयातल्या आम्ही अकरा जणांनी सह्या ठोकल्या आणि तीन रिक्षा करून कचेरीत धडकलो.

तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि म्हणाला, "ये तो कल शाम कूच बदल गया, साब. लोकल लोगां कू कोटा मिल गया!"

आम्ही दाराकडे वळलो. काका ढिम्म हलले नाहीत.

"निर्णय आधी झाला, ही तुमची घाई. अर्जावर इनवर्डचा शिक्का द्या!"

शिक्का घेऊनच उठले. पुढे महिनाभर, "आपल्या अर्जानं सरकार वाकलं," असं आम्ही चिक्कडपल्लीभर सांगत होतो. कोणी तारीख विचारली की पटवारी चहा मागवायचे.

* * *

एक पाप माझ्या नावावर आहे. वाचनालयाच्या कपाटात मला एक जुना अंक सापडला. पंचवीसएक वर्षांपूर्वीचा. पहिल्याच पानावर 'बाहेरच्यांना नोकऱ्या, स्थानिकांना भाडेवाढ' छापाचा मजकूर. मी वरची तारखेची पट्टी कापली, पान टेबलावर ठेवलं आणि कोपऱ्यात जाऊन बसलो.

काका आणि पटवारी त्या पानावर सव्वा तास भांडले! पान पिवळं आहे, हेही कोणाला खटकलं नाही. शेवटी मलाच हसू आवरेना, तेव्हा चोरी पकडली गेली.

पटवारींनी मला चप्पल दाखवली. काकांनी मात्र पान शांतपणे घडी करून खिशात घातलं.

"तारीख जुनी असेल," म्हणाले. "भाडं वाढलंच की!"

* * *

मग आला निखिल. पुण्याचा, सव्वीस वर्षांचा, माधापूरच्या कंपनीत. नवीन म्हणून आधी आमच्याच गल्लीत घर बघायला आला. घरमालक रावगारूंनी भीत भीत भाडं सांगितलं. चालू भावाच्या दीडपट! पोरगा कमी करायला सांगेल, मग खाली येऊ, असा त्यांचा हिशोब.

निखिल म्हणाला, "बस? इतना ही?"

झालं! ती बातमी गल्लीच्या त्या टोकाला निखिलच्या आधी पोचली. पहिल्या तारखेला सात घरमालक सात भाडेकरूंकडे गेले. पटवारी अजून सांगतात, "मुसी नदीला पूर येऊन ही गल्ली कधी बुडाली नाही. या एका पोराच्या तोंडानं बुडाली!"

तोच निखिल पुढच्या रविवारी वाचनालयात आला. पुस्तक घेतलं, टेबलाशी बसला आणि चालू वादात म्हणाला, "मला वाटतं, नवीन लोक आले की कामंही वाढतात..."

काकांनी हात वर केला. "पिढी?"

"म्हणजे?"

"इथं किती पिढ्या?"

"सहा आठवडे."

"बैस. पाणी पी," काका म्हणाले.

पण पोरगं चिवट. दर रविवारी यायचं, पाणी प्यायचं, ऐकत बसायचं.

* * *

शिरीषची पत्रं काका टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवायचे. एका रविवारी असंच सुरू केलं. तब्येत बरी आहे, बर्फ पडला, आणि मग: "बाबा, माझ्या व्हिसाची मुदत वाढेल की नाही ते अजून कळत नाही. इथं रोज टीव्हीवर वाद चालतो. आमच्यामुळे घरं महागली, सरकारनं आम्हाला येऊ देऊ नये, असं इथले लोक म्हणतात. काल शेजारच्या म्हाताऱ्यांनी मला विचारलं, तू परत कधी जाणार?"

काका थांबले. चष्मा काढला. पुसला.

पटवारींना राहवलं नाही. "काय काका, त्या म्हाताऱ्याची पिढी विचारली का शिरीषनं?"

"गप्प बसा हो!" काका ओरडले. तसं ओरडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "चोरी करायला गेलाय का तो? शिकून, काम करायला गेलाय माझा मुलगा!"

टेबलाच्या टोकाकडून निखिल हळूच म्हणाला, "मीपण, काका."

त्या दिवशी पहिल्यांदा काकांनी स्वतः उठून त्याला पाण्याचा ग्लास भरून दिला.

* * *

वर्षभरात काकांच्या घराचा मालक गेला. मुलांनी जागा बिल्डरला दिली. पाच मजली अपार्टमेंट होणार! काकांना तीन महिन्यांची मुदत मिळाली.

शिरीषनं फोनवर फोन केले. "बाबा, इकडे या."

काकांचं उत्तर ठरलेलं. "आता या वयात बाहेरचा होऊ? मला इथंच राहायचंय, इथंच मरायचंय. घर तेवढं बघू."

आणि एकदम त्यांना आठवलं, तो कोटा! इथल्या लोकांसाठीचे सरकारी फ्लॅट. आपल्याच अर्जानं मिळालेले!

काका इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत गेले, काखेत मुल्की सर्टिफिकेटची फ्रेम. सोबत मी. कारकुनानं फॉर्म बघितला. "चालू पत्ते का सबूत?"

काकांनी सांगितलं की घर पाडतायत, मालकाची मुलं पावत्या देईनात, म्हणूनच तर आलो.

"घर होना तो पैले घर का सबूत लाव, साब."

तेव्हा काकांनी फ्रेम टेबलावर ठेवली. कारकून तरुण होता, पण उर्दू वाचता येत होतं बिचाऱ्याला. त्यानं बोट ठेवून सगळं वाचलं. फार अदबीनं वाचलं. मग फ्रेम दोन्ही हातांनी उचलून परत दिली.

"कागज एकदम पक्का है. मगर ये दादा साब के नाम पे है. दादा साब आये तो फ्लॅट मिल जाता!"

बाहेर आल्यावर मी हसवायचा प्रयत्न केला. म्हटलं, "काका, आजोबांना निरोप धाडू या का?"

काका म्हणाले, "मीच जाऊन सांगतो. आता फार दिवस नाहीत."

* * *

मग मी आणि पटवारी ब्रोकरांकडे हिंडलो. चिक्कडपल्ली तर परवडण्यापलीकडे गेलेली. मलकपेठला एक, दोन, पाच घरं बघितली. सगळीकडे एकच प्रश्न, "कौनसी कंपनी?" रिटायर्ड, एकटा म्हातारा म्हटलं की मालकीणबाई दारातच, "नक्को साब, बुजुर्ग लोगां नक्को. कुछ हो गया तो?"

एका ब्रोकरनं तर मला बाजूला घेऊन सल्ला दिला, "बाहर से आये बोलो ना साब. लोकल आदमी बोले तो मालिक डरते, खाली नहीं करता बोलके!"

हे मी काकांना सांगितलं नाही. मी! ज्यानं पोटात कधी गोष्ट ठेवली नाही!

शेवटी पुढं आला तो निखिल. तोवर त्याला कंपनीनं माधापूरकडे दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन दिला होता. एका रविवारी आला आणि म्हणाला, "काका, एक खोली रिकामी आहे. चला."

काका म्हणाले, "तुझी पिढी कितवी रे आता?"

"दीड वर्ष."

"मग तू मालक. मी येतो."

* * *

आता तो शेवटचा.

फ्लॅट कंपनीच्या नावावर, त्यामुळे सोसायटीच्या यादीत राहणारा म्हणून फक्त निखिलचं नाव. सेक्रेटरी कडक. बाकी जो कोणी येईल त्यानं गेटवरच्या व्हिजिटरच्या रजिस्टरात लिहायचं. आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ.

निखिल भांडायला निघाला होता. काकांनी त्याला अडवलं. "नियम आहे ना? मग लिहायचं."

आणि रोज लिहायला लागले! सकाळी वाचनालयाला निघताना बाहेरची वेळ, संध्याकाळी दोन बस बदलून आल्यावर आतली. गेटवर यादगिरी नावाचा वॉचमन. त्याला लाज वाटायची. "आप नक्को लिखो बडे साब, आप घर के हैं." काका ऐकायचे नाहीत. हेडक्लार्कच्या मोत्यासारख्या अक्षरात रकाने भरायचे. 'कुठून आलात': चिक्कडपल्ली. 'कोणाकडे': चि. निखिल. 'काम': राहणे.

उलट यादगिरीलाच झापायचे. तो सगळ्यांच्या वेळा साडेसहा, सात, साडेसात अशा मोघम टाकायचा. "अंदाजे से नक्को! घड़ी देख के सही टाइम लिखो. रजिस्टर है ये!" बिचाऱ्यानं पदरमोड करून मनगटी घड्याळ घेतलं.

वाचनालयात मात्र काका बदलले. वाद सुरू झाला की टेबलाच्या टोकाला, निखिलच्या जुन्या जागेवर बसायचे. पटवारींनी एकदा मुद्दाम छेडलं, "काय काका? पिढी?"

काका म्हणाले, "चार महिने," आणि ग्लासातलं पाणी प्यायले.

श्रावणात एका गुरुवारी ते वाचनालयातून माधापूरला गेले, जेवले, झोपले आणि सकाळी उठले नाहीत. शिरीषला येता येईना. देश सोडला तर परत आत घेतील की नाही, त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. फोनवर त्याचं रडणं मी ऐकलं. अग्नी निखिलनं दिला. पटवारींनी ती फ्रेम सोबत आणली होती. तिचं काय करायचं ते कोणालाच कळेना, म्हणून त्यांनी ती पुन्हा काखेत धरून घरी नेली.

मी आणि निखिल परत आलो तेव्हा दुपार झाली होती. गेटवर यादगिरी उभा होता, डोळे लाल. मी आत जायला लागलो तसा तो पुढं आला. हातात रजिस्टर, उघडलेलं.

"साब, शाम कू सेक्रेटरी साब चेक करते. बडे साब का कल का इन टाइम है. औट टाइम खाली है."

गुरुवारच्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं होतं. 'काम: राहणे.' संध्याकाळचे सहा बावन्न. पुढचा रकाना कोरा.

मी पेन घेतलं.

यादगिरीनं मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि माझ्यापुढे धरलं.

"अंदाजे से नक्को, साब. घड़ी देख के लिखो."