आईला घेऊन बाणकोट बंदरात

"उद्या सुट्टी हाय ना गो तुला? मग मला संतोषकडं ने," असं आईने फोनवर फर्मान काढलं आणि संध्याकाळच्या एसटीने येऊन थडकलीसुद्धा. आई पोलादपूरच्या वरच्या वाडीत म्हशी राखते. मी महाडच्या एमआयडीसीत पॅकिंगला, खोली बिरवाडीत. माझा धाकटा भाऊ संतोष इथलीच नोकरी सोडून दिवाळीनंतर बाणकोटला मच्छीमार बोटीवर लागला. आईला ते अजिबात पटलं नव्हतं. त्याला परत आणायचं, एवढ्यासाठीच तिला जायचं होतं.

उजाडताच स्कूटी काढली. मंडणगडपर्यंत वळणंच वळणं, तेव्हा पेट्रोल महाडलाच भरून घ्या. मंडणगडला मी मिसळ खाल्ली, आईने नुसता चहा. पुढे उतारावर खाडी दिसली तसा तिने माझा खांदा आवळला.

"एवढं पानी? आनि ह्यात जातो तो?"

बाणकोट म्हणजे चिंचोळा रस्ता, खाडीकाठची कौलारू घरं आणि वर किल्ला. तटावरून सावित्री नदी समुद्राला मिळताना दिसते. आमच्या वाडीजवळ आम्ही उडी मारून ओलांडतो तो ओढा हाच, हे खरं वाटत नाही. मी फोटो काढत बसले.

"किल्ला ऱ्हाऊ दे. पोरगा कुठं हाय?"

पोरगा धक्क्यावर जाळं शिवत होता. काळवंडलेला, पण खांदे भरलेले. बोटीवर जायला एकच फळी होती. कड्यावरून म्हशी हाकणारी माझी आई तिच्यावर लटपटली. "खाली नको बघू आये, माझ्याकडं बघ," म्हणत संतोषने दोन्ही हात धरून तिला आत घेतलं.

बोटीच्या प्रमुखाला, म्हणजे तांडेलाला, आईने थेट विचारलं, "दादा, ह्याला पवता येतं का? आमच्यात कुनाला येत नाय."

तांडेल हसले. "दाखव रे आईला."

संतोषने शर्ट काढला आणि धाडकन उडी घेतली. आई किंचाळली. क्षणभर पाण्यावर काहीच नाही. मग बोटीच्या पलीकडून त्याचं डोकं वर आलं, केस झटकत, दात काढत. आईने आधी शिव्यांची लाखोली वाहिली, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली.

जेवण तांडेलांच्या घरी झालं, बांगड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी. तुम्ही गेलात तर खानावळीत सकाळीच सांगून ठेवा, आयत्या वेळी काही मिळत नाही. निघताना आई संतोषला एवढंच म्हणाली, "सनाला ये."

एका दिवसात हे बंदर आरामात पाहून होतं. किल्ल्याचे फोटो बरे आलेत, पण मला आठवत राहतो तो परतीचा घाट. तिथं अखेर मी विचारलं, "आये, परत चल म्हणून बोललीसच नाहीस त्याला?"

मागे बसल्या बसल्या तिने वाऱ्याने उडणारा पदर खोचून घेतला. मग म्हणाली, "पान्यातनं वर आला तेव्हा त्याचं त्वांड बघितलंस का गो? आपल्याकडं कामावरनं यायचा, तेव्हा असा कधी दिसला नाय."