अंधारात बसणारा वायरमन

वायरमनची एक खोड गावभर माहीत होती. कुणाच्या अंगणात किंवा बागेत दिवे बसवायचं काम आलं की तो आधी एक संध्याकाळ त्या घरी नुसता बसायला जायचा. हातात पक्कड नाही, खिशात टेस्टर नाही. घरातले सगळे दिवे मालवायला लावायचा, मालक रोज जिथे बसतो तिथली खुर्ची मागून घ्यायचा आणि तासभर अंधारात बसून राहायचा. पाऊल कुठे अडखळतं, फाटकाची कडी किती चाचपावी लागते, सगळं बघून घ्यायचा. गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, "अहो, दिवे लावायला बोलावलंय की मालवायला?" त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "आधी अंधार कळू द्या. आणि उजेड पावलाला लागतो, डोळ्याला नाही." लोक मागून हसायचे. पण त्याने दिवे लावलेल्या बागेत कधी कुणाला ठेच लागली नाही, हेही तितकंच खरं.

आता अशा माणसाचं स्वतःचं अंगण कसं असावं? दारावर एकच बल्ब, त्याचाही होल्डर सैल, वारा सुटला की विझणारा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बायकोने बरीच वर्षं टोमणे मारले आणि मग नाद सोडला. बाग तिची होती. दारापासून तीन पायऱ्या, मग फरशीची वाट, उजव्या हाताला गुलाब, टोकाला लिंबाचं झाड आणि त्याच्याखाली नळ. दिवसभर ती शिलाई मशीनवर बसलेली असायची. ऊन उतरलं की बागेला पाणी घालायला जायची. तो पाऊण तास तिचा एकटीचा. त्या वेळात हाक मारायची मुभा नवऱ्यालासुद्धा नव्हती.

मग तिला कमी दिसू लागलं. सुईत दोरा जाईना, ते वयावर ढकललं. पुढे संध्याकाळी वाटेत ठेवलेली बादली दिसेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नजर कडांनी झिजत चालली आहे. यावर औषध नाही. आधी अंधारातलं दिसायचं बंद होईल, मग हळूहळू सगळंच. परत येताना फाटकाशी आल्यावर ती म्हणाली, "मला बागेत एकटीला जाता यायला हवं. बाकीचं बघू."

वायरमनने दुसऱ्याच दिवशी काम हातात घेतलं, आणि इथेच त्याची अक्कल गहाण पडली. लोकांच्या अंगणात तासन्तास बसलेला हा शहाणा स्वतःच्या अंगणात एक मिनिट बसला नाही. तीस वर्षांचं घर, त्यात बघायचं काय! त्याने छपराच्या कडेला दोन फ्लडलाइट ठोकले, तिसरा लिंबाच्या खोडावर, दाराकडे तोंड करून. संध्याकाळी बटण दाबलं आणि अंगण लख्ख झालं. "मुंगी चालली तरी दिसेल," खिडकीत उभा राहून तो स्वतःवरच खूश होऊन म्हणाला.

ती दाराबाहेर आली, डोळ्यांवर हात धरला आणि दुसरी पायरी चुकली.

मनगट मोडलं. दवाखान्यातून घरी आल्यावर तिने प्लास्टरचा हात उशीवर ठेवला आणि विचारलं, "अहो, ते दिवे कुणासाठी लावलेत?"

"कुणासाठी म्हणजे? तुला दिसावं म्हणून!"

"मला समोर नुसतं पांढरं दिसलं. खिडकीतून तुम्हाला मात्र मी छान दिसत असेन."

तिचं म्हणणं खरं होतं. डॉक्टरांचं ऐकल्यापासून तो घाबरलेला होता, आणि त्या भीतीपोटी त्याने तिचा एकटीचा पाऊण तास भर उजेडात आणून ठेवला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने तिन्ही दिवे उतरवले. संध्याकाळी अंगणात दोन खुर्च्या मांडल्या, घरातले दिवे मालवले आणि तिच्याशेजारी बसला.

"सांग, काय दिसतं?"

"आभाळ थोडंसं. पायरीची कड दिसत नाही. गुलाब वासाने कळतो. आणि नळ गळतोय, तो ऐकू येतो. दिवे राहू द्या, आधी वायसर बदला."

तो बऱ्याच दिवसांनी हसला.

आठ संध्याकाळी ती दोघं तशी बसली. मग त्याने प्रत्येक पायरीच्या कडेखाली लहान पिवळे दिवे लपवले, फरशीच्या दोन्ही बाजूंना घोट्याच्या उंचीवर, जमिनीकडे तोंड केलेले, आणि एक नळामागे. बल्ब कुठूनही डोळ्याला दिसत नव्हता. प्लास्टर निघाल्यावर ती एकटी बाहेर गेली. तो खिडकीचा पडदा ओढून आत बसला. नळाचा आवाज येईपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागला होता.

त्या दिव्यांवर तिने पावणेतीन वर्षं काढली.

मग एका संध्याकाळी त्याने नेहमीसारखं दाराजवळचं बटण दाबलं. ती पायऱ्या उतरून वाटेवर पोचली आणि थांबली. "अहो, आज दिवे लावायचे राहिले वाटतं?"

सगळे दिवे लागलेले होते. तिच्या पावलांवर उजेड पडला होता.

त्याने हळूच बटण बंद केलं आणि म्हणाला, "वायर गेली असेल. उद्या बघतो."

"बटणाचा आवाज ऐकला मी," ती म्हणाली. "दोनदा."

तो दारातच रडू लागला. रडताना आवाज होऊ नये म्हणून त्याने तोंडावर हात दाबला, पण तेही तिला ऐकू गेलं.

"या इकडे," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत त्या पाऊण तासात तिने त्याला बागेत पहिल्यांदाच बोलावलं होतं.

त्याने पाय पुढे केला. अंधार दाट होता आणि स्वतःच दिवे लपवलेल्या पायरीची कड त्याला सापडेना.

"तीन आहेत," ती वाटेवरून म्हणाली. "मोजत या. मी हात पुढे केलाय."