समोरच्या काठावरचं वळण

ओलेगारिओ माइदाना जेवायला नाही म्हणत असे, आणि तेही अगदी सभ्यपणे.

एर्मिंदा ताट पुढे ठेवी. तो खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेला असे, टोपी गुडघ्यावर. "नको बाई, उगाच तुम्हाला त्रास. घरी बायको खोळंबली असेल."

"मीच ती बायको, मेल्या! जन्मभर तुझे रंगाने बरबटलेले सदरे धुतलेत मी."

"असं म्हणू नये," तो लाजून म्हणे. "कुणी ऐकलं तर काय म्हणेल?"

पहिल्यांदा तिला हसू आलं होतं. आता त्याच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरू लागलं होतं. दवाखान्याची लाँच पाराना नदीच्या या बेटांवर अधूनमधून येई. तिच्यावरचा तरुण डॉक्टर या खेपेला स्पष्टच बोलला. "आजी, पुढच्या फेरीपर्यंत यांनी खाल्लं नाही, तर मी यांना गावातल्या वृद्धाश्रमात नेणार. तिथे नळीने भरवतील."

"तिथून पाणी दिसतं का?"

"भिंत दिसते, आजी. पण जगतील."

पोटासाठी ओलेगारिओने बेटावर लव्हाळे कापले आणि उरलेल्या वेळात चित्रं काढली. चित्र एकच. त्याच्या घराच्या पायऱ्यांसमोर तोरकासा ओढा जिथे वळतो, तिथला पलीकडचा काठ: पाण्यावर ओणवी झालेली वाळुंजाची झाडं, ओहोटीला उघडा पडलेला चिखल, आणि दूध घातलेल्या चहासारखं पाणी. रविवारी शहरातून येणारी माणसं ती चित्रं विकत नेत. शेजारी चिडवत, "अरे, दुसरं काही काढ की! निदान बायकोला काढ." तो म्हणे, "ती हलते. वळण कसं गप्प बसतं."

पण वळणही हललं. पलीकडची जमीन एका बांधकाम कंपनीने घेतली. गाळ उपसणारी यंत्रं आली, वाळुंज पडले, काठ दगडांनी सरळ झाला आणि त्यावर श्रीमंतांचे बंगले उभे राहिले. जमिनीपासून छतापर्यंत काचा, गुळगुळीत हिरवळ, आणि नदी दारात असताना प्रत्येकाचा वेगळा पोहण्याचा तलाव. ओलेगारिओचं विसरणं त्याआधीच सुरू झालं होतं. तरी सकाळी उठून पायरीवर बसला, समोर वळण दिसलं, की आपण कुठे आहोत हे त्याला कळायचं. वळण गेलं आणि त्याचं स्वतःचं घर त्याला परक्याचं झालं.

एर्मिंदाची भाची यामिला त्यातल्याच एका बंगल्यात साफसफाईला जाई. तिनेच बातमी आणली. "मावशी, काकांचं वळण आमच्या बाईंच्या दिवाणखान्यात आहे. केवढं थोरलं! सोफ्याच्या वर लावलंय."

"उसनं देतील का गं?"

"चित्र म्हणजे काय वाटीभर साखर आहे, मावशी?" यामिला म्हणाली खरी, पण तिने विचारलं. बंगल्याच्या बाई, सेन्योरा लुक्रेसिया, मनाने वाईट नव्हत्या. त्यांनाच इकडे घेऊन या, म्हणाल्या.

दुपारी नदीचं पाणी मागे लोटणारा आग्नेयेचा वारा सुटला होता आणि ओढा फुगू लागला होता. तरी एर्मिंदाने ओलेगारिओला घेऊन होडी पाण्यात घातली. बंगल्याच्या पहारेकऱ्याने दोघांच्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं, त्यांना घ्यायला आलेल्या यामिलाकडे पाहिलं आणि आत सोडलं.

ओलेगारिओ चित्रासमोर उभा राहिला. मग सोफ्यावर पाठ टेकून बसला. किती दिवसांनी त्याची पाठ टेकली होती! गुडघ्यावरची टोपी त्याने बाजूला ठेवली.

"आलो एकदाचा," तो म्हणाला.

लुक्रेसियाबाईंनी चीज आणि पेरूच्या वडीसारखी लालसर गोड वडी पुढे केली. त्याने खाल्ली. दुसरी उचलली. एर्मिंदाने तोंडावर पदराचं टोक धरावं तसा रुमाल धरला.

"तुम्ही उभ्या का?" त्याने तिला विचारलं. "बसा ना. बायको आतच असेल." आणि त्या परक्या स्वयंपाकघराकडे तोंड करून त्याने हाक मारली, "एर्मिंदा! पाहुणे आलेत गं!"

"मी इथेच आहे, ओलेगारिओ."

"तुमचंही नाव एर्मिंदा? वा!" मग काचेतून ओढ्यापलीकडच्या स्वतःच्याच घराकडे पाहत म्हणाला, "ते घर कुणाचं? खांब कुजलेत बघा. बिचारे कसे राहत असतील?"

लुक्रेसियाबाईंचे डोळे भरून आले. "चित्र घेऊन जा तुम्ही," त्या घाईने म्हणाल्या. "खरंच न्या." त्यांनी आणि यामिलाने मिळून ते भिंतीवरून उतरवलं.

तिथेच सगळं फिसकटलं. भिंतीवर होतं तोवर ते वळण होतं. खाली आल्यावर चित्रकाराच्या नजरेला ते चित्र झालं. त्याने कोपऱ्यातली सही पाहिली, भिंतीवर मागे उरलेला पांढरा चौकोन पाहिला, आजूबाजूला पाहिलं आणि धडपडत उठला. "हे मी विकलेलं आहे, सेन्योरा. विकलेलं परत घेत नाहीत." हातातली अर्धी वडी त्याने बशीत ठेवली. "माफ करा. मी आत कसा आलो कोण जाणे."

परतताना लाटा होडीत येत होत्या. घराच्या धक्क्याशी एर्मिंदाने दोर बांधला तेव्हा पाणी वरच्या पायरीला लागलं होतं.

"उतर."

तो हलेना.

"उतर रे बाबा! बुडवतोस का दोघांना?"

"परक्याच्या धक्क्यावर टाळी वाजवून विचारल्याशिवाय चढतात का?" तो म्हणाला. "मी बेटावरचा माणूस आहे, बाई. हल्ली रोज कुणाच्या तरी घरात बसलेला सापडतो मी. कुणी या म्हटलेलं नसतं. लाजेने घास उतरत नाही."

इतके दिवस ती त्याला पटवत होती की हे घर तुझं आहे. त्याला हवं होतं ते फक्त आमंत्रण.

ती एकटीच पायऱ्या चढली, आत गेली आणि दार लावून घेतलं. खालून टाळी आली. ती दाराला पाठ लावून उभी होती, आणि हात कडीकडे जात नव्हता. हे दार यजमानीण म्हणून उघडलं, की या घरात बायको म्हणून कुणी उरत नाही. पुन्हा टाळी आली, आधीपेक्षा हळू. तिने दार उघडलं.

"कोण आहे?"

"माइदाना. पाणी चढलंय, बाई. वारा पडेपर्यंत आसरा मिळेल का?"

"वर या. पुरातला पाहुणा या घरातून उपाशी जात नाही."

तो टेबलाशी नीट बसला. तिने माशाचा रस्सा वाढला. त्याने दोन वाट्या खाल्ल्या, तळ पावाने पुसून घेतला. "छान झालाय. माझ्या बायकोच्या हाताची सर नाही, राग मानू नका."

"नाही मानत. अजून वाढू?"

"थोडा." मग रिकाम्या खुर्चीकडे पाहून त्याने आवाज खाली केला. "तुमचे मालक दिसत नाहीत?"

एर्मिंदाने वाटी भरली. "बाहेर गेलेत."

"येतील हो," त्याने तिला धीर दिला आणि पावाकडे हात केला.