प्रेमात पडलेली माणसं

अंदमानमधल्या या छोट्या बेटावर मी आणि माझा नवरा जवळजवळ दर हिवाळ्यात येतो. पहिल्या वेळी ओहोटीच्या पाण्यात गुडघाभर उभी राहिले, पाण्याखाली माझ्याच पायांची नखं स्वच्छ दिसली आणि मी या बेटाच्या प्रेमात पडले.

आज त्याच पाण्यात पुण्याहून आलेलं एक कुटुंब फोटो काढत होतं. वडिलांच्या तळहातावर एक मोठा निळा तारामासा होता. मग तो या हातातून त्या हातात फिरू लागला. कुणी डोक्यावर ठेवला, कुणी गालाशी धरला, आणि हे सगळं भर उन्हात.

"अहो, पाण्यात सोडा त्याला, मरेल तो!" मी ओरडले.

"एकच फोटो, ताई," ते गृहस्थ हसून म्हणाले. "आम्ही तर या बेटाच्या प्रेमातच पडलोय."

माझं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे कसलं प्रेम? आवडलं की उचलायचं आणि ते तडफडत असताना आपण दात काढून हसायचं! आवडत्या गोष्टीला हात न लावता नुसतं बघत राहणं आपल्याला इतकं का जड जातं?

मी पुढे झाले, तारामासा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि वाकून पाण्याखालच्या वाळूवर अलगद ठेवला. बराच वेळ बघत राहिले. त्याचा एकही हात हलला नाही.

"अरे, तिकडे खडकापाशी बघा," मागे ते मुलांना सांगत होते, "अजून एखादा सापडेल."