आई म्हणायचं का याडी?

“आई म्हण बाळा, आई!”

“याडीच म्हणल ती. मी शिकवलंय.”

“माझ्या घरात हे चालायचं न्हाई, सांगून ठेवते!”

समोरच्या ओट्यावर सुंदराबाई आणि त्यांची सून कविता. मधे दीड वर्षाची नात, हातात भिजलेलं बिस्कीट. दोघी बंजारा, दोघींच्या माहेरची भाषा एकच, गोरमाटी. त्या भाषेत आईला याडी म्हणतात. सुनेचं म्हणणं, पोरीनं घरात आपली भाषा बोलावी. सासूचं म्हणणं, एक अक्षर नको.

“मी नवी इथं आले तवा नळावर बाया मला हसायच्या,” सुंदराबाई म्हणाल्या. “माझ्या नातीला कुणी हसलेलं मला खपायचं न्हाई!”

मी माझ्या दारात मेथी निवडत होते. भांडण दुसऱ्याचं असलं तरी मत माझं असतंच, हे गल्लीला ठाऊक आहे. मी म्हणाले, “सुंदराबाई, या गल्लीत कोणाच्या घरात काय बोलतात ते कधी बघितलंय का?”

मी बघितलंय. परभणीच्या कडेची ही आमची वस्ती, कृषी विद्यापीठाच्या अलीकडं. इथं किस्से गोळा करावे लागत नाहीत. कुसळासारखे असतात, दळण टाकून परत येईपर्यंत दोन-चार लुगड्याला लागलेले असतात!

*

आधी माझंच सांगते, म्हणजे नंतर कोणी “हिला काय कळतंय भाषेतलं” म्हणायला नको. मी ताडकळसची. शाळेचं तोंड बघितलं नाही. अक्षरं शिकले ती एसटीच्या पाट्यांवरून, बाजाराच्या दिवशी गाडीची वाट बघता बघता. कोणी शिकवलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही, विचारायला मला कमीपणा वाटायचा.

एक दिवस ज, त, र असं जुळवत जुळवत “जिंतूर” अख्खं वाचलं. माझं मलाच इतकं भारी वाटलं की मोठ्यानं ओरडले, “जिंतूर!”

शेजारचा माणूस म्हणाला, “गेली की बाई ती!”

*

मागं एक कॉलेजची पोरगी आली. घरोघर एकच प्रश्न, “तुमच्या घरात कोणती भाषा बोलतात?” प्रोजेक्ट होता म्हणे. मी लगेच तिच्याबरोबर निघाले. लोक अनोळखी माणसाला खरं सांगत नाहीत, सोबत मी असले की सांगावं लागतं.

बशीरभाई टेलर मशीनवर होते. मान वर न करता म्हणाले, “लिहा, उर्दू.”

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “उर्दू कब बोले जी तुम? समधी लोगां आए तो बोलते, वो बी चाय आने तक!”

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, “लिही बाई, व्याही आले की चहापर्यंत उर्दू.”

*

कोपऱ्यावर शिवअप्पांचं किराणा दुकान आहे. घर लिंगायत. अप्पा रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करतात आणि कन्नडमधलं काहीतरी म्हणतात. गोड लागतं ऐकायला. पण एरवी अख्खं घर मराठी. बायको मराठी, लेकरं मराठी, उधारीसाठी ओरडणंसुद्धा मराठी.

मला राहवलं नाही. साखर घेता घेता विचारलं, “अप्पा, सकाळी म्हणता त्याचा अर्थ काय हो?”

“मला कुठं कन्नड येतंय मावशी! आजोबा म्हणायचे, म्हणून मी म्हणतो.”

“एका शब्दाचा अर्थ माहीत न्हाई अन् रोज म्हणता?”

अप्पांनी पुडीला दोरा गुंडाळला. म्हणाले, “देवाला येतंय की!”

 

*

विद्यापीठात आंध्राकडचे एक साहेब आहेत, आमच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहतात. त्यांची बायको लक्ष्मी. घरात तेलुगू. बाई मराठी शिकली ती क्लास लावून नव्हे, भाजीबाजारात. भाजीवाल्यांशी भांडून भांडून. मला लय आवडते ती.

संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलवायला आली. नवीन साडी, हातात करंडा, केसांत गजरा. मी म्हणाले, “बघते बाई, गुडघे दुखायलेत.”

तिनं कमरेवर हात ठेवला. “शेवटचं सांगा. येता का? न्हाईतर मी पुढच्या दारी चालले!”

गेले. न जाऊन सांगते कोणाला!

*

तर हे सगळं मी त्या दिवशी माझ्या दारातूनच सुंदराबाईंना ऐकवलं. वाटलं, विरघळतील. त्या म्हणाल्या, “त्यांचं ठीक हाय. त्यांना नळावर कोण हसलंय?”

मी मेथीची पुढची जुडी सोडली.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. आतून सुंदराबाईंची थोरली बहीण उतरली, जिंतूरकडच्या तांड्यावरची. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. दोघींची लय दिवसांनी गाठ पडत होती.

बंजारा बायांची एक रीत आहे. अशी गाठ पडली की “बरी हायस का” विचारत नाहीत. गळ्यात पडून रडतात. नुसतं रडणं नव्हे, सुरात, शब्द लावून. कोण गेलं, कोण राहिलं, कोणाची सय येते, सगळं त्या रडण्यात सांगायचं. घरातलं माणूस गेलं तरी असंच रडतात.

सुंदराबाईंच्या तोंडून इतक्या वर्षांत मी गोरमाटीचा शब्द ऐकला नव्हता. त्या बाईनं बहिणीच्या गळ्यात हात टाकले आणि असा सूर लावला की बशीरभाईंची मशीन थांबली. आधी एक म्हणायची, मग दुसरी. मला एकच शब्द कळत होता, याडी. तो फिरून फिरून येत होता. त्यांची आई जाऊन किती वर्षं झाली असतील!

रिक्षावाला भाडं मागायचं सोडून उभा राहिला. नात बिस्कीट खायची थांबली आणि आजीच्या तोंडाकडं टकामका बघायला लागली.

रडून झालं. बहीण पाणी प्यायला आत गेली. सुंदराबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि सुनेकडं वळल्या. माझ्यासारखीच हट्टी बाई!

“हे आमच्या पिढीपुरतं. पोरीला यातलं काही शिकवायचं न्हाई.”

कवितानं पोरीला उचलून कडेवर घेतलं. आवाज चढवला नाही.

“तुमी गेल्यावर तुमच्यासाठी असं रडायला मी हाय, माझ्यासाठी कोण हाय?”