हुंकारा

तिला मनात वाचता यायचं नाही. काही केल्या नाही. ओठ मिटून पुस्तक समोर धरलं, की जरा वेळानं नजर खिडकीबाहेर गेलीच म्हणून समजा. आणि तोंड उघडलं, की असं धडाधड सगळं डोक्यात शिरायचं, की ऐकणाऱ्यानं बघत राहावं. माधव नगरातल्या आमच्या गल्लीनं तिचं नाव ‘रेडिओ’ ठेवलं होतं. खरं नाव मृणाल, पण ते शाळेलाच ठाऊक. भाजीवालासुद्धा वर बघून मला विचारायचा, “क्यों अम्माजी, आज रेडिओ बंद है क्या?”

वडील बँकेत. अमरावतीहून बदली होऊन आले आणि आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले. मी तेव्हा पन्नाशीची, एकटी. शाळा सातवीपर्यंत, पुढचं जे काही आलं ते हाताला लागेल ते वाचून. ही पोरगी शाळेतून आली, की दप्तरासकट माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बैठक मारायची. “मावशी, तुम्ही तुमचं काम करा. फक्त हुंकारा भरा.”

इकडे माळव्यात गोष्ट ऐकणाऱ्यानं मधूनमधून ‘हं’ म्हणायचं असतं, त्याला हुंकारा भरणं म्हणतात. त्याशिवाय सांगणारा पुढे जातच नाही. तिचा होमवर्क म्हणजे अशी गोष्टच. ती सांगायची, मी भाजी चिरता चिरता हं म्हणायची.

आणि गोष्टी तरी कसल्या!

“समजा मावशी, तुम्ही टावर चौकात पोहे खाल्ले.”

“मी कशाला टावर चौकात खाऊ? घरी काय माझे हात मोडलेत?”

“बरं बाई, घरी खाल्ले. आता ते पोहे निघाले.”

मग ते पोहे गळ्यातून पोटात, पोटातून आतड्यात असे जायचे, जशी काही देवास गेटवरून बस निघालीय आणि प्रत्येक स्टॉपवर कोणीतरी उतरतंय. खिरीसाठी भिजवलेले बेदाणे बघून एकदा म्हणाली, “हे फुगले कसे सांगा. सालीला भोक आहे का कुठे? नाही. तरी पाणी आत गेलं. कारण आत गोडी दाट आहे. पाणी दाटाकडे जातं, मावशी.” जन्मभर खीर केली मी, पण हे कधी मनात आलं नव्हतं.

तिला फसवता मात्र यायचं नाही. कधी फोडणी जळायला लागायची, माझं लक्ष उडायचं, आणि मी आपली सवयीनं हं म्हणायची. ती तिथेच थांबायची. “हा खोटा हं होता.” मी म्हणायची, “अगं, हं तो हं. त्यात खरा-खोटा काय?” तर म्हणे, “खरा हं जरा उशिरा येतो. आधी डोक्यात जातो, मग तोंडात येतो. खोटा लगेच येतो. तुम्हाला समजलं म्हणजेच मला आलं, मावशी. चला, परत पहिल्यापासून.” मी मुद्दाम चुकीचं काही बोलले, तर बोट नाचवत ओरडायची, “इथेच मार्क कटतात!” आणि दोघी खळखळून हसायचो.

तिची शाळा नावाजलेली. प्रवेश मिळाला म्हणून लोक पेढे वाटायचे, अशी. तिथे परीक्षा झाली, की मुलांना नंबराप्रमाणे बसवायचे, हुशार पुढे आणि बाकीचे मागे. ही दहावीपर्यंत पुढेच होती. अकरावीला वडिलांनी तिला मॅथ्स आणि बायो दोन्ही घ्यायला लावलं. पहाटे फ्रीगंजात एक कोचिंग, मग शाळा, संध्याकाळी टावर चौकात दुसरं कोचिंग, आणि तिन्ही ठिकाणचा होमवर्क वेगळा. वसुधा, म्हणजे तिची आई, तिला घास भरवायची आणि ही लिहीत असायची. एक दिवस आंघोळीला गेली ती बादलीला टेकून झोपलेली सापडली. तरी तोंड सुरूच. “मावशी, डॉक्टर नाही झाले तर इंजिनियर. आणि इंजिनियर नाही झाले तर? ते बाबांनी अजून सांगितलं नाहीये.”

वडिलांना वाईट म्हणवत नाही हो मला. त्या काळात वारंच तसं सुटलं होतं. घरोघर केबल आली, बाजारात रोज नवं काही दिसायला लागलं, आणि पगारदार माणूस रात्री हिशेब मांडत बसायला लागला. त्यांच्या बँकेत कॉम्प्युटर येऊन बसला, तेव्हा मला म्हणाले होते, “ताई, हे डबडं आमची खुर्ची खाणार. माझं कसंतरी निभेल. या पोरीला पक्कं काहीतरी हातात दिलं पाहिजे.” डोळ्यांत खरोखरची भीती होती.

तशात कोचिंगच्या सरांनी त्यांना बोलावून सांगितलं, “बोल-बोलकर पढ़ती है, इसमें टाइम वेस्ट होता है. परीक्षा में मुँह नहीं, हाथ चलता है.” झालं. साहेबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, आतली खोली रिकामी केली. टीव्हीवर चादर टाकून गाठ मारली. स्वतः घरात पायमोजे घालून चालायला लागले, पाऊल वाजू नये म्हणून. वसुधेनं कुकरच लावणं सोडलं, डाळ पातेल्यात शिजवायची. एवढ्या मायेनं कोणी कोणाचं तोंड बंद केलेलं मी पाहिलं नाही.

खाली माझ्याकडे आले, हात जोडून. “ताई, दोन वर्षं तिला हाक मारू नका. एवढी मेहेरबानी करा.”

मी म्हटलं, “साहेब, ती बोलूनच शिकते. बोलू नको म्हणाल तर शिकणार कशी?”

“परीक्षेत बोलू देतात का, ताई?”

त्या दिवसापासून मी हाक मारणं सोडलं.

सुरुवातीला माडीवरून गुणगुण यायची. वडिलांची चाहूल लागली, की थांबायची. मग नुसते ओठ हलायचे. जिन्यातून जाताना मला दिसायचे. मग तेही बंद झालं. शाळेत ती मागच्या बाकांवर सरकत गेली. नंबर घसरला म्हणून आणखी एक ट्यूशन लागलं. परीक्षेआधी वसुधा मला घेऊन चिंतामण गणपतीला गेली. तिथे नवस बोलायचा, तर देवळाच्या भिंतीवर उलटा साथिया काढतात, उलटं स्वस्तिक हो. आणि काम झालं की येऊन सुलटा काढतात. वसुधेनं कुंकवानं उलटा काढला. “पीएमटी होऊ दे.” पीएमटी म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा.

नाही झाली. बारावी पास झाली, पण साधीच. साहेब म्हणाले, एक वर्ष ड्रॉप घेऊ, परत पीएमटीला बसवू. त्या वर्षी पोरगी मानेनं बोलायला लागली. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. हळदीकुंकवाला बायका यायच्या, नावाआधी टक्के विचारायच्या. पूर्वी ही ताडकन म्हणाली असती, “काकू, तुमचे किती होते?” आता पानसुपारीचं तबक धरून नुसती उभी राहायची, तबक कलतंय याचंही भान नसायचं.

दुसऱ्यांदा परीक्षा झाली. उत्तरांचा कागद तिनं कोराच देऊन टाकला. घरी रडारड झाली. साहेब विचारत होते, “का? अगं पण का?” आवाज खालपर्यंत येत होता, म्हणून मी वर गेले. ती पलंगावर बसली होती. म्हणाली, “बाबा, मी मनात वाचलं. पण मनात कोणी बोललंच नाही.”

त्यानंतर तिच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी ऐकलं नाही. इंदूरच्या डॉक्टरच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी झोप यायची, शब्द नाही. साहेबांनी टीव्हीवरची चादर काढली, पायमोजे काढले, मुद्दाम भांडी आपटत चहा करायला लागले. “रेडिओ, काहीतरी बोल की ग,” म्हणायचे. ती बघायची त्यांच्याकडे, बस.

एक दिवस वसुधा खाली आली, माझ्या उंबऱ्यात, लेकीच्या जागी बसली. म्हणाली, “ताई, मला आता पीएमटी नको. तिनं माझ्याशी भांडावं, उलटून बोलावं, एवढंच मागायचंय. पण माझा पहिला साथिया उलटाच राहिलाय. तो सुलटा केल्याशिवाय दुसरा कोणत्या तोंडानं काढू?”

मी म्हटलं, “तुझा राहू दे तसाच. मी काढते.” दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसले आणि काढून आले.

मग त्यांची बदली झाली, परत अमरावतीला. ट्रक दाराशी लागला. सामान चढत होतं आणि ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती, ओढणीचं टोक मुठीत धरून. मी आतून बेदाण्यांची वाटी आणली, वाटेत खायला म्हणून भिजवले होते. तिच्याशेजारी टेकले आणि सुरू केलं. “बघ बाई, हे फुगले कसे? सालीला भोक आहे का कुठे? नाही. तरी पाणी आत गेलं.”

तिनं वाटीकडे पाहिलं. मी पोह्यांची बस काढली, गळ्यातून पोटात नेली. आणि मग बेदाण्यांवर परत येऊन मुद्दाम चुकीचं सांगितलं. म्हटलं, “पाणी आत गेलं, कारण आत गोडी पातळ होती. पाणी नेहमी पातळाकडे जातं.” आणि थांबले. वाटलं, आता बोट नाचवेल. आता ओरडेल.

“हं,” ती म्हणाली.

लगेच म्हणाली. डोक्यात जाऊन येण्याएवढाही वेळ गेला नाही.

वसुधा ट्रकजवळून धावत आली. “ताई, बोलली? बोलली ना ती काहीतरी?” तिचा चेहरा असा उजळला होता, की मी मान हलवली. खरा हं कुठला आणि खोटा कुठला, हे त्या उंबऱ्यात मला एकटीलाच शिकवलं गेलं होतं.

चिंतामणच्या भिंतीवर माझा साथिया अजून उलटाच आहे. त्यावर इतरांनी आपापले काढले असतील. मी बघायला गेले नाही.