पाकोळ्या कमी झाल्या की बाबांचे डोळे?

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माणसं देवदर्शनाला जातात, नातवंडांचे चेहरे डोळे भरून बघतात. आमच्या बाबांनी काळा चष्मा उतरवला आणि म्हणाले, "चल, पाकोळ्या बघून येऊ."

पाकोळी म्हणजे विळ्यासारख्या पंखांचा, काळपट, उडता उडताच किडे टिपणारा पक्षी. गेली काही वर्षं बाबांचं एकच पालुपद: पाकोळ्या कमी झाल्या. आमचं उत्तरही ठरलेलं: डोळे तपासून घ्या.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी वर्तकनगरहून रिक्षाने आधी बाळकुमला गेलो. सकाळीच जा, नंतर ऊन आणि ट्रॅफिक दोन्ही चढतात. बाबांनी टॉवरच्या पार वरच्या मजल्यावर वाळणारा टॉवेल हेरला. "निळ्या काठाचा आहे बघ!" वर आकाशात मात्र घारीच. इथे शेतं होती तेव्हा पाकोळ्यांची झुंबड असायची म्हणे.

"संध्याकाळी दिसतील," मी म्हटलं.

वाटेत मिसळ हाणली आणि दुपारच्या गाडीने विठ्ठलवाडी गाठली. बाबांची जुनी चाळ स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. त्यांच्या लहानपणीच्या शेजारीण सुमनआत्या दारातच उभ्या होत्या.

"जय भीम, दादा! आता दिसतंय ना नीट?"

"सगळं दिसतंय. छत्र्या कुठायत गं?"

या चाळीची एक रीत आहे. गॅलरीच्या छताला पाकोळ्या घरटी करतात. ती पाडायची नाहीत. खाली जुनी छत्री उलटी टांगायची, म्हणजे वाळत घातलेले कपडे खराब होत नाहीत. पूर्वी गॅलरीभर छत्र्या असत. आता एकच होती.

"पाडली नाय रे कोणी. रंगारी आलेला तेव्हा मी भांडलेली त्याच्याशी. त्याच येत नाहीत, काय करू?"

चहा घेत थांबलो. दिवेलागणीला चिरचिरत आल्या, एका घरट्यापुरत्या. बाबांना त्या स्पष्ट दिसल्या याचा मला आनंद झाला, आणि तितकंच वाईटही वाटलं.

घरी येऊन वाचलं. हवेतले किडे खाणारे पक्षी जगात बऱ्याच ठिकाणी घटतायत. एका रविवारवरून अर्थात काही ठरत नाही. तीच जागा वर्षानुवर्षं बघणारं कुणीतरी लागतं. आमच्या घरात तसं माणूस होतं, आणि आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

"बाबा, तुमचंच बरोबर होतं," रात्री थेंब घालताना मी म्हटलं.

"तुझं बरोबर असतं तर बरं झालं असतं गं," ते म्हणाले. "निदान डोळ्यांचं ऑपरेशन तरी होतं."